नास्तिक, निरीश्वरवादी, अज्ञेयवादी: कोण कोणाला काय म्हणतं?

विचारणा

नास्तिक, निरीश्वरवादी, अज्ञेयवादी, अश्रद्ध हे चार शब्द वर्तमानपत्रांत आणि बोलण्यात एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरले जातात. परवा माझ्या भाच्यानं मुलाची मुंज करणार नाही असं सांगितलं. माझी थोरली बहीण म्हणाली, "नास्तिक झालास का रे?" तो म्हणाला, "नास्तिक नाही, अज्ञेयवादी." तिला तो शब्द समजला नाही, त्याला तो धड समजावता आला नाही, आणि मायलेकांत अबोला धरला गेला.

नास्तिक म्हणजे देव न मानणारा की वेद न मानणारा? अज्ञेयवादी हा शब्द कशासाठी आला? आणि 'नास्तिक' हा शब्द इतका का लागतो? 'आस्तिक' म्हटल्यानं कुणी दुखावल्याचं मी पाहिलेलं नाही.

प्रतिसाद

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

व्याकरणकार पाणिनीच्या अष्टाध्यायीत सूत्र आहे (४.४.६०): 'अस्ति नास्ति दिष्टं मतिः'. 'आहे' अशी ज्याची मती तो आस्तिक, 'नाही' अशी ज्याची मती तो नास्तिक, आणि दिष्ट म्हणजे दैव, त्यावर ज्याची मती तो दैष्टिक. गंमत अशी की काय 'आहे' किंवा 'नाही', हे सूत्रात सांगितलेलंच नाही. ती रिकामी जागा काशिकावृत्ती ही पाणिनीवरची जुनी टीका 'परलोक' या शब्दानं भरते. परलोक आहे असं मानणारा आस्तिक. देवाचा तिथे उल्लेख नाही.

मनुस्मृतीत (२.११) तीच जागा वेदानं भरलेली दिसते: 'नास्तिको वेदनिन्दकः'. श्लोक पूर्ण वाचला तर रोख कळतो. तर्कशास्त्राच्या बळावर जो द्विज श्रुती-स्मृतींचा अवमान करतो, त्याला साधूंनी बाहेर काढावं, असं तिथे सांगितलं आहे. म्हणजे हा शब्द तिथे नुसतं मताचं वर्णन करत नाही, बहिष्काराचा आधार होतो. तुमचा तिसरा प्रश्न इथेच निम्मा सुटतो.

सांख्य आणि पूर्वमीमांसा या दर्शनांना जगाचा कर्ता ईश्वर लागत नाही. तरी ती आस्तिक दर्शनांत मोजली जातात, कारण वेदप्रामाण्य मानतात. जैन आणि बौद्ध परलोक मानतात, पुनर्जन्म मानतात, कर्मफळ मानतात, तरी ती नास्तिक. पण जैन आचार्य हरिभद्रसूरींचा दर्शनांवरचा ग्रंथ उघडला तर जैन आणि बौद्ध आस्तिकांच्या रांगेत बसलेले दिसतात आणि रांगेबाहेर उरतात ते लोकायत, म्हणजे चार्वाकमतवाले. ज्याच्या हातात लेखणी, त्यानं सीमारेषा आपल्या घराच्या पलीकडून काढली. अद्वैताच्या विरोधकांनी तर शंकराचार्यांच्या मतालाही 'प्रच्छन्न बौद्ध', म्हणजे छुपं बौद्ध, म्हणून घेतलं.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. कर्ता ईश्वर नाही एवढंच म्हणायचं असेल तर 'निरीश्वरवादी' लिहावं. तो मताचा शब्द आहे. 'नास्तिक' हा शेकडो वर्षं दुसऱ्यानं दुसऱ्याला लावलेला शब्द आहे.

प्रतिसाद

वरचं सगळं पटलं, पण भाच्याची आई अष्टाध्यायी मनात धरून बोलली नसणार. ती घरातलं मराठी बोलली. आणि त्या मराठीत खरा शब्द 'नास्तिक' नाही, 'मानणं' आहे.

"देव अस्तित्वात आहे असं तुझं मत आहे का?" असं आपल्याकडे कोण विचारतं? आपण विचारतो, "देव मानतोस का?" आता हेच क्रियापद इतरत्र कसं वापरतो ते पाहा. 'त्याला सगळं गाव मानतं.' 'ती कुणाला म्हणून मानत नाही.' 'मी त्यांना गुरू मानतो.' मानणं म्हणजे मान देणं, आपल्यापेक्षा मोठं समजणं, नात्यानं बांधून घेणं. 'देव मानत नाही' हे वाक्य आईच्या कानावर पडतं तेव्हा तिला विश्वरचनेबद्दलचं मत ऐकू येत नाही. 'मी कुणाला मानत नाही' हे ऐकू येतं. शब्द लागतो तो त्यामुळे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच बघा: ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव 'मानणार नाही' आणि त्यांची उपासना करणार नाही. ते आहेत की नाहीत हा वाद तिथे घातलेलाच नाही. नातं तोडल्याचं जाहीर केलं आहे. इतक्या मोठ्या निर्णयासाठी नेमकं हेच क्रियापद यावं, याला अर्थ आहे.

दुसरा प्रयोग 'देवाचं करणं'. माझी आत्या देवाचं करते. म्हणजे सकाळी अंघोळ झाल्यावर टाक आणि पितळी बाळकृष्ण ताम्हनात घेते, महिन्यातून एकदा चिंच लावून घासते, वस्त्रानं कोरडे करून ज्याच्या त्याच्या जागी ठेवते, गंध उगाळते, दूध-साखरेच्या वाटीवर तुळशीचं पान ठेवून डोळ्यांना पाणी लावते. तिला एकदा सरळ विचारलं, देव खरंच आहे असं तुला वाटतं का? ती म्हणाली, "अगं, आपल्या घरात देवाचं आहे." माझ्या प्रश्नाचं उत्तर तिनं टाळलं नाही. तिच्या लेखी प्रश्न तोच होता आणि उत्तरही तेच.

आता भाचा. त्याच्यापुरता देव हा खरा-खोटा ठरवण्याचा दावा आहे, आणि दावा म्हटला की पुरावा आला. त्याला आई बिनपुराव्याचं बोलणारी वाटते, आईला तो बिनमुर्वतीचं बोलणारा वाटतो. ती वागणुकीबद्दल बोलते, तो ज्ञानाबद्दल. 'देव आहे की नाही' यावर या दोघांचं एकदाही बोलणं झालेलं नसेल, हे मी पैजेवर सांगते.

प्रतिसाद

मी स्वतःला नास्तिक म्हणवतो आणि तो शब्द सोडणार नाही. 'निरीश्वरवादी' अचूक असेल, पण बहिष्कारासाठी वापरलेला शब्द आम्ही स्वतःहून उचलला यातच त्याचा अर्थ बदलला आहे.

तक्रार वेगळी आहे. आपल्याकडे प्रस्थापित धर्माला प्रश्न विचारला की सरसकट सगळ्यांवर हा शिक्का बसतो. जोतीराव फुले निर्मात्याला मानत. त्यांचा शब्द 'निर्मीक', आणि १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शेवटच्या पुस्तकाच्या नावातच 'सत्यधर्म' आहे. त्यांना नास्तिक कसं म्हणायचं? डॉ. नरेंद्र दाभोलकर जन्मभर सांगत राहिले की अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा विरोध देवाधर्माला नाही, त्याच्या नावानं होणाऱ्या शोषणाला आहे. डॉ. श्रीराम लागू त्यांच्याच व्यासपीठावरून देव ही कल्पनाच आता निवृत्त करा असं म्हणायचे, आणि दाभोलकर लागूंचं हे वैयक्तिक मत आणि समितीची भूमिका यांतला फरक श्रोत्यांपुढे मांडायचे. तरी 'धर्मबुडवे' हा शिक्का दोघांवर सारखाच. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. शब्दांतले फरक पुसले की माणसाचं म्हणणं ऐकूनच घ्यावं लागत नाही, हे मला या विषयात सगळ्यात जास्त टोचतं.

शब्दचर्चेला धरून एक नोंद. त्यानंतर झालेल्या कायद्याचं नाव पाहा: 'महाराष्ट्र नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध घालण्याबाबत...' इतक्या लांबलचक नावात 'अंधश्रद्धा' हा शब्द नाही. कायदा कृती मोजू शकतो, श्रद्धा कुठे संपते आणि अंधश्रद्धा कुठे सुरू होते हे मोजू शकत नाही.

आणि 'नास्तिकाला कसलं बंधन?' हा प्रश्न. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्यापासून न्यायाधीशापर्यंत सगळ्यांना दोन पर्याय आहेत. 'ईश्वरसाक्ष' शपथ घ्या किंवा 'गांभीर्यपूर्वक' वचन द्या. दोन्हींचं वजन सारखं. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानंही सांगितलं की मला कोणताच धर्म नाही असं म्हणण्याचा नागरिकाला हक्क आहे आणि सरकार त्याच्यावर धर्म सांगण्याची सक्ती करू शकत नाही. कायद्यानं आमचा शब्द विश्वासाचा धरला. घरात तो अजून धरला जात नाही.

प्रतिसाद

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. मी वारकरी घरातला, माळ घातलेला. आम्हाला जे शब्द ऐकावे लागतात तेही थोडके नाहीत: देवभोळा, भाबडा, अंधश्रद्ध, बुवाबाजीला बळी पडणारा. 'देवभोळा' हा शब्द पूर्वी मायेनं वापरत. आता अक्कल कमी असल्याचा तो सभ्य पर्याय झाला आहे.

श्रद्धा म्हणजे शंका नसणं, हे समीकरण कुणी लावलं? तुकोबा म्हणतात, 'माझे लेखी देव मेला, असो त्याला असेल.' हा अभंग संदर्भ तोडून नास्तिकांच्या बाजूनं सादर केलेला मी ऐकला आहे. तो तसा नाही. नसलेल्याशी कुणी अबोला धरत नाही. पण तो आंधळ्या विश्वासाचाही नाही. ज्याच्यासाठी घरदार पणाला लावलं तो उत्तर देत नाही, याचा तो संताप आहे, आणि तो संताप गाथेतच राहिला, कुणी वगळला नाही. आमच्या परंपरेत देवाला जाब विचारता येतो. हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी आम्हाला 'प्रश्न न विचारणारे' म्हणावं, हे मला अन्यायाचं वाटतं.

दाभोलकरांबद्दल वर जे लिहिलं आहे त्याला माझा दुजोरा आहे. फरक पुसू नयेत. आमचेही पुसू नयेत. नवस फेडायला रांगेत उभा राहणारा, नेमानं एकादशी करणारा आणि ज्ञानेश्वरीवर वर्षानुवर्षं चिंतन करणारा, या तिघांना एकच 'आस्तिक' शब्द लावून काय कळतं?

प्रतिसाद

एक छोटी भर. आम्ही बौद्ध. घरी रोज त्रिशरण-पंचशील होतं, पौर्णिमेला विहारात वंदना होते, आणि सृष्टिकर्ता देव आमच्या धम्मात नाही. शाळेत एकदा गुरुजींनी वर्गात विचारलं होतं, "मग तुम्ही नास्तिकच की!" मला तेव्हा बोलता आलं नाही. धार्मिक माणूस निरीश्वरवादी असू शकतो, हे मराठीत एका दमात सांगणारा शब्दच हाताशी नव्हता.

'पाखंडी' या शब्दाचाही विचार व्हावा. अशोकाच्या लेखांत 'पासंड' म्हणजे नुसता पंथ. सगळ्या पासंडांनी सगळीकडे राहावं, असं राजा सांगतो. पुढे तोच शब्द ढोंगी माणसाला चिकटला.

प्रतिसाद

'अज्ञेयवादी' राहिला आहे, आणि मी स्वतःला तेच म्हणतो, म्हणून जरा सविस्तर.

इंग्लंडमधले जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सले यांनी १८६९ मध्ये 'अ‍ॅग्नॉस्टिक' हा शब्द घडवला. आजूबाजूचे सगळे कसल्या ना कसल्या 'वादा'चे, आपल्याला मात्र स्वतःसाठी शब्द नाही, अशी त्यांची अडचण होती. ज्या गोष्टीबद्दल पुरेसा आधार नाही ती मला निश्चित माहीत आहे असा आव आणायचा नाही, एवढीच त्यांची शिस्त. त्याआधी, १८६२ मध्ये, तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सर यांनी जगाच्या मुळाशी एक 'जाणता न येणारं' तत्त्व आहे अशी मांडणी केली होती. दोन्ही भूमिका वेगळ्या आहेत. हक्सले म्हणतात, मला कळलेलं नाही. स्पेन्सर म्हणतात, कुणालाच कळणार नाही.

आता मराठी शब्द पाहा. अज्ञात म्हणजे न कळलेलं, अज्ञेय म्हणजे कळूच न शकणारं. 'अज्ञेयवाद' स्पेन्सरना चपखल बसतो, हक्सलेंना नाही. आगरकरांच्या पिढीनं मिल आणि स्पेन्सर मन लावून वाचले होते, हे लक्षात घेतलं तर तीच छटा मराठीत का रुजली असेल याचा अंदाज येतो. पण परिणाम असा झाला की 'मला माहीत नाही' एवढं साधं म्हणणारा माणूस मराठीत एक भलामोठा सिद्धांत मांडणारा होऊन बसतो. आईला शब्द कळला नाही यात तिचं काही चुकलं नाही.

आमची अडचण दुहेरी. आस्तिकांना आम्ही धीर नसलेले नास्तिक वाटतो, नास्तिकांना तळ्यात-मळ्यात करणारे. याची मुळं जुनी आहेत. गीतेत (४.४०) अज्ञ, श्रद्धाहीन आणि संशयात्मा अशी नावं घेतली आहेत आणि सगळ्यात कठोर शब्द संशयात्म्याच्या वाट्याला आले आहेत: त्याला ना हा लोक, ना परलोक, ना सुख. पाली ग्रंथांत संजय बेलट्ठिपुत्त नावाचा आचार्य येतो. परलोक आहे का विचारलं तर तो 'आहे' म्हणत नाही, 'नाही' म्हणत नाही, 'आहे आणि नाही' असंही म्हणत नाही. त्याच्या पद्धतीला बौद्ध ग्रंथकार हातातून निसटणाऱ्या माशाची उपमा देऊन मोकळे झाले. जैन आगमांत अशांना 'अज्ञानवादी' म्हटलं आहे. तो शब्द आज वापरू नये, कारण आता त्याचा अर्थ अज्ञानाचं समर्थन असाच लागेल.

पण परंपरेत याच्या उलटही एक जागा आहे. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त (१०.१२९) ही सृष्टी कुठून आली ते विचारतं आणि शेवटी म्हणतं की परम आकाशात बसलेला तिचा अध्यक्ष ते जाणत असेल, किंवा तोही जाणत नसेल. आपण एखादी गोष्ट ठाऊक नसली की 'देव जाणे' म्हणतो. सूक्तकर्त्यानं तेवढीही खात्री दिली नाही. आणि ज्यानं ही ओळ रचली त्याला कुणी नास्तिक म्हटलं नाही, ती वेदातच आहे.

तेव्हा वापराबद्दल माझं सुचवणं असं. तत्त्वज्ञानाच्या लेखात 'अज्ञेयवाद' चालेल, तो रूढ आहे, मात्र पहिल्या उल्लेखाला एका वाक्यात अर्थ द्यावा. घरी, आईशी बोलताना तो शब्द काढूच नये. "आहे की नाही ते मला माहीत नाही, आणि माहीत नसताना मुलाच्या गळ्यात जानवं घालणं मला बरोबर वाटत नाही," असं पूर्ण वाक्य बोलावं. त्यावर ती नाराज होईल, कदाचित भांडेलही, पण मग ते भांडण मुंजीवर होईल.