वस्तीतल्या पोरांचा अभ्यास घ्या, पण हरिपाठ बंद करा: ही मागणी पटते का?

कृष्णाकाठ: सांगलीत मार्केट यार्डाजवळच्या एका वस्तीत विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात रोज संध्याकाळी पोरं जमतात. आधी हरिपाठ, मग गणित, इंग्रजी. वर्ग चालवणारा तरुण माळकरी आहे, दिवसभर हळदीच्या गोदामात हमाली करतो. काही जणांचं म्हणणं, हरिपाठ बंद करा. मला हे मुळीच पटत नाही. आईबाप दोघंही कामावर, पोरगं नववीतच शाळा सोडायच्या बेतात आणि नाक्यावरचा कुणी 'भाई' वाढदिवसाच्या फ्लेक्सवर त्याचा फोटो लावतोय. अशा वेळी पोरगं दोन दिवस दिसलं नाही की हा माळकरी त्याच्या दारात जाऊन उभा राहतो. ही चिकाटी त्याला वारीनं दिलीय. शिकवणी तेवढी घ्यायची आणि माळ बाहेर ठेव म्हणायचं, हा अन्याय आहे.

मिरजेची मास्तरीण: दादा, त्याच्या तळमळीबद्दल शंका नाही. पण माझ्या वर्गातली एक मुस्लिम मुलगी तिथं जाते. हरिपाठ संपेपर्यंत चपलांजवळ वही मांडीवर घेऊन बसते, टाळ थांबले की आत जाते. तिला कुणी हाकलत नाही, खरंय. पण रोज परक्यासारखं का शिकावं तिनं? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं तेव्हा सगळ्या जातिधर्माची पोरं एका पंगतीला बसवली. त्यांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. तिथं देवाची अट नव्हती.

माणदेशी: बाई, त्याच कर्मवीरांनी १९५४ मध्ये कराडला कॉलेज काढलं ते गाडगे महाराजांच्या नावानं. बाबा कीर्तनकारच की! कीर्तनात सांगायचे, कर्ज काढून सण करू नका, दारू सोडा, पोरं शाळेत घाला. विहारातसुद्धा आधी वंदना आणि मग अभ्यास असतोच. मग या एकाच पोराकडं बोट का?

मिरजेची मास्तरीण: विहारालाही माझा हाच प्रश्न आहे. पूर्ण सरकारी खर्चानं चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, हे संविधानाचं कलम २८. मंदिराला ते लागू नाही, मान्य. पण शिकायला आलेल्या लेकराला धर्माचा उंबरा आडवा येऊ नये, एवढंच म्हणतेय.

हमालाची लेक: मी त्याच वस्तीतली. हरिपाठावरून भांडताय, पण मुलींचं कुणीच बोलत नाही. वर्ग सुटतो तेव्हा अंधार असतो, नाक्यावरून यावं लागतं, म्हणून आठवीनंतर आया मुलींना पाठवतच नाहीत. वर्गात एक बाईमाणूस हवंच. आणि माणूस कितीही सज्जन असो, लेकरं एकट्याच्या भरवशावर सोडू नयेत. आईबापानं कधीही येऊन बसावं, अशी मुभा हवी.

कृष्णाकाठ: ताई, हे शंभर टक्के खरं. माझी बायको यायला तयार आहे, सुटल्यावर मुलींना घरापर्यंत सोडू. हरिपाठही शेवटी ठेवता येईल, थांबायचं तो थांबेल. हे मी त्याच्याशी बोलतो. पण बंद करण्याच्या अर्जावर माझी सही मिळणार नाही.

मिरजेची मास्तरीण: शेवटी ठेवला तर ती पोरगी सुरुवातीपासून आत बसेल, चांगलंच आहे. तरी महापालिकेच्या शाळेतली एक खोली मागूया. संध्याकाळी रिकामीच असते. अर्ज मी लिहिते.

कृष्णाकाठ: लिहा. पण हमाली करून आलेल्या माणसाला रोज किल्लीसाठी शिपायाच्या मागं फिरावं लागलं, तर महिन्याभरात वर्ग मोडेल. सभामंडपाला कुलूप नसतं. खोलीची किल्ली त्याच्याच हातात देणार असतील, तर मी तुमच्याबरोबर अर्ज द्यायला येतो.