कॉम्बीला टायर कुठले? (गुरुवार रात्र ते रविवार, सोसायटीचा ‘गप्पा’ ग्रुप)

मकरंद, बी-४०३ (गुरु., ९.१२): मंडळी, सल्ला हवाय. बाबांची स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी (मागे लांब डिकीवाली, स्टेशन वॅगन), २००६ची, वॉचमन जिला ‘अ‍ॅम्ब्युलन्स’ म्हणतो तीच, गणपतीत गुहागरला न्यायची आहे. आज हवा भरणारा पोरगा म्हणाला की उजव्या मागच्या टायरला बाजूने फुगा आलाय. आता चारही बदलतो. नुसते टायर घेऊ की अलॉयही, म्हणजे मिश्रधातूच्या रिम? सध्या लोखंडी रिम आणि प्लास्टिकच्या व्हील कॅप आहेत, त्यातली एक बेपत्ता.

रोहन, सी-२०५ (९.१५): दादा १७ इंच!! 🔥 ओएलएक्सवर लॉराचा ओरिजनल सेट दिसतोय, २१५/४५ आर १७ टायरसकट. लांब गाडीला मोठी चाकं काय दिसतील! स्कोडाचीच आहेत, म्हणजे बसतीलच.

पाटील, सेक्रेटरी (९.१६): उद्या वरची टाकी धुणार आहेत. ११ ते ४ पाणी येणार नाही. कृपया नोंद घ्यावी.

जोशी काका, ए-१०१ (९.२४): रोहन, आडनाव सारखं म्हणून पत्रिका जुळत नाही. मकरंदच्या गाडीचे पाच बोल्ट १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर आहेत, लॉराचे ११२च्या. टायरवाले याला पीसीडी म्हणतात. ५ बाय ११२चं चाक तिला लागणारच नाही. उलट पोलो, व्हेंटो, रॅपिड यांचा पीसीडी ५ बाय १०० आणि मधलं भोकही तेच, ५७.१ मिलिमीटरचं. रिम वाकली तर त्यांची चाकं शोधायची.

रोहन (९.२५): अ‍ॅडॅप्टर मिळतो काका.

जोशी काका (९.२७): मिळतो. उंदराचं औषधही मिळतं. अ‍ॅडॅप्टरने चाक बाहेर सरकतं, बेअरिंगवर ताण येतो, आणि मागे सामान भरून गाडी बसली की टायर कमानीला घासायला लागतो.

अनघा, बी-६०४ (९.३१): काकांना अनुमोदन, स्वतःची फजिती सांगून. आधीच्या गाडीला मी बाजारातली अलॉय हौसेने लावली होती. ८५-९०च्या पुढे गेलं की स्टिअरिंग थरथरायचं. तीनदा बॅलन्सिंग केलं, दर वेळी रिमला शिशाचे नवे तुकडे चिकटले, थरथर तशीच. चौथ्या ठिकाणच्या म्हाताऱ्या कारागिराने चाक काढून मधल्या भोकात बोट फिरवलं. भोक ७३.१चं, आणि चाक ज्यावर बसतं त्या हबचा उंचवटा ५७.१चा. मधली रिंग कुणी टाकलीच नव्हती, म्हणून चाक मधोमध बसत नव्हतं.

अनघा (९.३३): आणि बोल्ट! स्कोडाच्या मूळ बोल्टचं बूड गोल असतं, बाजारातल्या अलॉयना बहुतेक वेळा निमुळत्या बुडाचा लागतो. जुने बोल्ट नव्या रिमला आवळले तर ते कडेवर कसेबसे टेकतात आणि चालता चालता सैल होतात. अलॉय घेतली तर बोल्टही बदला.

सीमा काकू, ए-३०२ (९.३६): मी मघापासून वाचतेय. २१५/४५ हा टायर आहे की कुणाचं ब्लडप्रेशर? 😄

जोशी काका (९.४४): 😄 सीमाताई, मकरंदचं १९५/६५ आर १५ घ्या. १९५ मिलिमीटर टायरची रुंदी. ६५ म्हणजे रुंदीच्या ६५ टक्के टायरची उंची, रिमपासून रस्त्यापर्यंतचं रबर, जवळपास १२७ मिलिमीटर. १५ इंच रिम. अख्खं चाक साधारण ६३४ मिलिमीटर भरतं. आता रोहनचं २१५/४५ आर १७. त्याचा व्यास ६२५, म्हणजे फरक दीड टक्काही नाही. तिथे पोरगं चुकलेलं नाही. पण रबर उरतं ९७ मिलिमीटर. तीन सेंटिमीटरची गादी काढून तिथे धातू आणलाय.

सीमा काकू (९.४६): म्हणजे कापसाची गादी काढून चटई.

जोशी काका (९.४६): आणि खाली फरशी खडबडीत.

अनघा (९.४९): तो फुगा त्यातूनच येतो. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये टायरची बाजू चिमटली जाते, आतले दोरे तुटतात, हवा तिथे बाहेर ढकलते. त्यावर पॅच चालत नाही. मकरंद, त्या टायरवर हायवेला जाऊ नका.

दिनेश, डी-३०४ (९.५२): सगळे उगाच घाबरवताहेत. इनोव्हाचे २०५/६५ आर १५ टाक. त्याच रिमवर बसतात, गाडी थोडी उचलली जाते, स्पीडब्रेकरला पोट घासत नाही. माझ्या मेव्हण्याने केलंय.

जोशी काका (९.५८): बसतात, नाही म्हणत नाही. पण व्यास ६४७, दोन टक्के मोठा. काट्यावर १०० दिसेल तेव्हा गाडी १०२ने असेल, आणि जुन्या स्प्रिंगांवर भरलेली गाडी झोल खाल्ली की आतलं प्लास्टिक घासेल. पोट घासतंय तर आधी शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि स्प्रिंगा बघ, वीस वर्षांत थकल्या असणार. टायरवर गाडी उचलणं म्हणजे गुडघे दुखतात म्हणून उंच टाचांची चप्पल.

मकरंद (१०.०३): मग मापात राहून फक्त चांगली कंपनी बघू?

जोशी काका (१०.१०): कंपनीच्या आधी मापाशेजारचा आकडा बघ. १९५/६५ आर १५ च्या पुढे ‘९१’ आणि एक इंग्रजी अक्षर असेल. ९१ म्हणजे एका टायरने ६१५ किलो उचलायचे. ८८ असेल तर ५६०. रोहनचा २१५/४५ आर १७ साध्या प्रकारात ८७ येतो, ५४५ किलो. ‘एक्सएल’, म्हणजे जादा भाराचा, घेतला तर ९१ मिळतो, पण तेवढा भार पेलायला त्यात हवा जास्त ठेवावी लागते, म्हणजे चटई आणखी कडक. सेडानला एखादे वेळी चालून जाईल. तुझ्या गाडीची डिकी ५४८ लिटरची, सीट पाडल्या तर दीड हजारावर. बाबांनी ती घेतली कशासाठी?

मकरंद (१०.११): नारळांसाठी 😅 दर वर्षी येताना साठ-सत्तर नारळ, तांदळाचं पोतं, कोकम आगळाचे कॅन, वर काकूने दिलेलं काहीतरी जे पायाशी ठेवावं लागतं.

जोशी काका (१०.१४): आणि ते सगळं मागच्या चाकांच्या डोक्यावर किंवा त्यांच्याही मागे. चार टायरची बेरीज करून समाधान मानू नकोस, मागच्या दोघांना विचार. अक्षराचं सांगायचं तर तो वेग आहे, टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत, एच २१०, व्ही २४०. गाडीच्या पुस्तकातल्यापेक्षा खालचं घेऊ नये. कुंभार्ली घाटात त्याची परीक्षा होणार नाही, ते सोड.

दिनेश (१०.१६): एवढं असेल तर पुढचे दोन नवीन टाक. मागचा फुगलेला काढून पुढचा बरा तिथे ढकल. निम्म्यात काम.

अनघा (१०.२०): दोनच घेणार असाल तर नवे मागे. ओढणारी चाकं पुढची म्हणून सगळे पुढे टाकतात. पावसात पुढची घसरली तर कळतं, स्टिअरिंग हलकं होतं, तुम्ही पाय काढता. मागची घसरली तर गाडी फिरते आणि कळेपर्यंत तोंड दुसरीकडे झालेलं असतं. नारळ भरलेल्या लांब गाडीत तर नकोच.

अनघा (१०.२१): मकरंद, टॉर्च घेऊन खाली जा. प्रत्येक टायरवर ‘डॉट’ लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. ३८२२ म्हणजे २०२२चा अडतिसावा आठवडा. बाहेरून नाही दिसलं तर आतल्या बाजूला. स्टेपनीही बघ.

मकरंद (१०.३९): पुढचे दोन १४१७. मागचे ५११६. नक्षी बरी आहे हो, पण खोबणींत बारीक भेगा दिसतात.

मकरंद (१०.४०): स्टेपनी ०६०६.

अनघा (१०.४०): ??

मकरंद (१०.४१): गाडीबरोबर आलेलीच आहे. एकदाही लागलेली नाही. रबराचे केससुद्धा शाबूत आहेत.

रोहन (१०.४२): स्टेपनी माझ्याहून मोठी आहे 😭

जोशी काका (१०.४५): केस बघू नकोस. वीस वर्षांचं रबर आहे, नुसत्या पडण्याने वाळतं. पाच टायर घे. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की कायद्याने टायर बाद, खोबणीत उंचवटे असतात त्यावरून कळतं. वयाला मात्र असा उंचवटा नाही, आकडाच वाचावा लागतो. दुकानातही आधी तोच वाच, मग बिल.

सीमा काकू (१०.४७): आमच्या ह्यांनी मागे दोन वर्षं गोदामात पडलेला टायर ‘ताजा माल’ म्हणून आणला होता. तेव्हा हा ग्रुप नव्हता.

रोहन (१०.५०): बरं १७ नको. १६ तरी? अलॉय हवीतच.

जोशी काका (१०.५५): हे मात्र जमण्यासारखं आहे. २०५/५५ आर १६, व्यास ६३२, भार ९१. ५ बाय १००ची चांगली रिम मिळाली, ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) मूळच्या ३८ मिलिमीटरच्या जवळपास असला, तर मी हरकत घेणार नाही. विमा कंपनीला कळवायचं. माझे पैसे असते तर पंधरावरच राहिलो असतो. कोकणातल्या रस्त्यावर लोखंडी रिम वाकली तर ठोकून सरळ होते, अलॉयला तडा गेला तर गुहागरात काय करणार?

मकरंद (११.०२): बाबा म्हणतात “पंधरा, आणि व्हील कॅप शोध.” विषय संपला.

मकरंद (शनि., दु. १.१८): झालं. पाच टायर १९५/६५ आर १५, सगळे ९१, सगळे यंदाचे. पहिल्या दुकानात ८८ पुढे केले, “साहेब, सेमच असतं” म्हणाले. उठून दुसरीकडे गेलो. रबरी व्हॉल्व्हही नवे. बॅलन्सिंग, अलाइनमेंट केलं. मागच्या चाकांचं कुणी बघत नव्हतं, हट्टाने मोजून घेतलं.

अनघा (१.२२): बोल्ट गनने आवळले का?

मकरंद (१.२३): हो. मग तुमचं आठवून हाताने टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या) १२० न्यूटन-मीटरवर करून घेतले. पोरगा हसत होता.

अनघा (१.२४): हसू दे. ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा.

जोशी काका (१.३०): हवा सकाळी, गाडी थंड असताना. डिझेलचं झाकण उघड, आत स्टिकर आहे. त्यावर कमी माणसांचे आकडे वेगळे आणि भरलेल्या गाडीचे वेगळे, मागच्या चाकांना बराच फरक. सगळीकडे ३२ भरणाऱ्याचं ऐकू नकोस. जाताना एक आकडा, नारळ भरल्यावर दुसरा. स्टेपनीत थोडी जास्तच ठेव.

दिनेश (१.३३): नायट्रोजन भर. थंड राहतं.

जोशी काका (१.३५): साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे, दिनेश. फुकट देत असतील तर भर.

सीमा काकू (१.४१): मकरंद, जुने टायर टाकलेस का? मला गच्चीवर कढीपत्ता लावायला एक हवा होता. ती कोरी स्टेपनी दिलीस तरी चालेल.

पाटील, सेक्रेटरी (१.४३): गच्चीवर टायर ठेवता येणार नाही. पाणी साचून डासांची पैदास होते, गेल्या वर्षी नोटीस आली होती. कृपया नोंद घ्यावी.

सीमा काकू (१.४४): खाली भोकं पाडेन की.

पाटील, सेक्रेटरी (१.४६): मग चालेल बहुतेक. सभेत ठेवतो.

रोहन (रवि., स. ८.०५): मकरंददादा, एक व्हील कॅप गेटजवळच्या कुंडीमागे सापडली. वॉचमन त्यात मांजरीला दूध देत होता.