हाय आयएसओचा नॉईज: कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

रातकिडा: मंडळी, सल्ला हवाय. रंगमंचावरचे फोटो काढतो, नाटक आणि नृत्य. फ्लॅश चालत नाही, त्यामुळे आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) 6400 च्या खाली क्वचितच येतो, आणि फोटोत नॉईज, म्हणजे दाणे-ठिपके, भरपूर. हल्लीचं सगळं रॉ (सेन्सरचा कच्चा डेटा), पण जुना साठा जेपेग (कॅमेऱ्यानेच तयार करून दिलेला फोटो). लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. डीएक्सओ प्युअररॉ, टोपाझ, लाइटरूमचं डीनॉईज, सगळ्यांचंच कौतुक ऐकतोय. एकच घ्यायचं तर कोणतं?

पाऊणफ्रेम: रॉ आणि जेपेग दोन्हींना एकच औषध शोधताय, घोळ तिथेच आहे. प्युअररॉला जेपेग चालतच नाही. सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग टिपतो, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. या भरण्यात नॉईजही शेजारी पसरतो. डीएक्सओचं डीपप्राइम रंग भरणं आणि नॉईज काढणं एकाच टप्प्यात करतं, म्हणून साडीची जर, केसांच्या बटा शाबूत राहतात. जेपेगमध्ये ही संधी कॅमेऱ्यातच संपलेली असते. रॉसाठी माझं मत प्युअररॉलाच. मात्र तुमचा कॅमेरा त्यांच्या यादीत आहे ना, ते आधी बघा.

धूसर: लाइटरूम आधीच वापरत असाल तर वेगळे पैसे कशाला? 2023 मध्ये आलेलं त्यातलं डीनॉईज रॉसाठी चांगलं आहे. नॉईज किती काढायचा त्याचा स्लायडर 50 वर उघडतो, मी 30-35 च्या पुढे जात नाही. ग्राफिक्स कार्ड नसेल तर मात्र एकेका फोटोला मिनिटं मोजत बसाल. प्युअररॉचंही तेच. निवडक फोटोंवरच चालवा.

रातकिडा: लाइटरूम नाही माझ्याकडे. आणि जेपेगचं काय?

तिसरीघंटा: जेपेगला 'नीट इमेज' (Neat Image) हे सॉफ्टवेअर. जुनं आहे, पण फोटोतला सपाट भाग, म्हणजे तुमचा मागचा काळा पडदा, दाखवला की त्यावरून नॉईजचं प्रोफाइल, म्हणजे नॉईज कसा दिसतो त्याचा नमुना, बनवतं. एआय नाही, म्हणून मनाचं काही घुसडत नाही. टोपाझ जेपेग घेतं आणि पहिल्या नजरेला भारी दिसतं, पण मागच्या रांगेतल्या नर्तकींचे चेहरे मेणाचे करून ठेवतं. कधी डोळाच नवा काढतं!

पाऊणफ्रेम: चेहऱ्यांबद्दल सहमत. पण टोपाझची ताकद कमी करून वापरलं तर इतकं वाईट नाही हो.

तिसरीघंटा: कमी केल्यावर मग पैसे कशाचे? फुकटात हवं असेल तर डार्कटेबल. त्यातल्या 'डीनॉईज प्रोफाइल्ड'मध्ये बऱ्याच कॅमेऱ्यांची आयएसओनुसार मोजमापं आधीच भरलेली आहेत. शिकायला वेळ लागतो, एवढंच. आणि कोणतंही घ्या, रंगीत ठिपके पूर्ण घालवा, करडा दाणा थोडा राहू द्या. शार्पनिंग, म्हणजे कडा ठळक करणं, नॉईज काढल्यावरच.

धूसर: आणि आयएसओला घाबरून फोटो अंधारा काढू नका. नंतर सॉफ्टवेअरमध्ये उजळवला की सावल्यांतला नॉईज वर येतो. 6400 वर नीट उजेड घेतलेला फोटो 1600 वरच्या काळपट फोटोपेक्षा बहुधा स्वच्छ निघतो.

रातकिडा: बरं, मग रॉसाठी आधी डार्कटेबल, जमलं नाही तर प्युअररॉची ट्रायल. जेपेगना नीट इमेज. पडद्यावर निळा प्रकाश असला तरी प्रोफाइल त्याच भागावरून घ्यायचं का?

तिसरीघंटा: घ्या, पण निळा चॅनल (फोटोतला निळ्या रंगाचा भाग) पार जळालेला, म्हणजे अतिउजेडाने तपशील गेलेला, नको आणि पडद्याची वीण दिसायला नको. नाहीतर कापडालाच नॉईज समजेल.