.२२ रायफल: ६० ग्रेनची गोळी कागदावर आडवी का पडते?

रेंज५०:
.२२ एलआर (लाँग रायफल काडतुसाची), बोल्ट अ‍ॅक्शन. नळीवर ट्विस्टचा आकडा, म्हणजे आतल्या पीळदार खाचांचा एक फेरा किती इंचांत पुरा होतो ते, कोरलेला नाही. ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) स्टँडर्ड काडतुसं ५० मीटरवर गोल भोकं पाडतात, ग्रुपही (भोकांचा पुंजका) नेटका. त्याच नळीतून ६० ग्रेनच्या सबसॉनिक (आवाजापेक्षा कमी वेगाच्या) गोळ्या झाडल्या की २५ मीटरवर भोकं लांबट, आणि ५० वर तर गोळीचा चक्क आडवा ठसा. नळी गेली की काडतुसं खराब? आणि ट्विस्ट घरी मोजता येतो का?

आटेवाला:
नळी ठणठणीत आहे. ४० ग्रेनची भोकं गोल पडतात, याहून वेगळा पुरावा नको. गोळीचं वजन मागच्या बाजूला जास्त असतं आणि हवेचा रेटा नाकाकडे बसतो, त्यामुळे ती सतत उलथू पाहते. तिला सरळ धरते ती फक्त गिरकी, भोवऱ्यासारखी. गोळी लांब झाली की उलथवणारा जोर वाढतो, म्हणून फेरा कमी अंतरात पुरा व्हावा लागतो.

किती ट्विस्ट लागेल ते काढायला ग्रीनहिलचं १८७९ चं सूत्र इथे पुरतं: व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले लांबी. व्यास ५.६६ मिमी, ४० ग्रेनच्या गोळीची लांबी साधारण ११.७ मिमी धरा. उत्तर ४१० मिमी, म्हणजे १६ इंचांत एक फेरा. .२२ च्या नळ्या सर्रास १:१६ च्या असतात त्या यामुळेच. व्यास आणि शिसं तेच ठेवून वजन दीडपट केलं तर लांबी सुमारे १७.५ मिमी होते आणि सूत्र २७४ मिमी मागतं, जवळपास १:११. तुमची नळी १:१६ ची असेल तर ती एवढी गिरकी देऊच शकत नाही.

जास्त वेगाची काडतुसं घेऊन हे सुटेल असं वाटतं, पण सुटत नाही. वेगाबरोबर गिरकी वाढते तसा हवेचा रेटाही वाढतो.

बोअरगेज:
मोजायची पद्धत. बोल्ट काढा, चेंबर रिकामं असल्याची खात्री करा. नळी साफ करायच्या रॉडची मूठ बेअरिंगवर मोकळी फिरणारी हवी. मूठ अडली की पॅच (कापडाचा तुकडा) खाचांवरून घसरतो आणि ट्विस्ट आहे त्यापेक्षा मंद दिसतो. जॅगवर (रॉडच्या टोकाला आट्याने बसणारा, पॅच धरणारा तुकडा) घट्ट पॅच लावून चेंबरकडून रॉड आत घाला, पण माप ओढताना घ्या. उजव्या ट्विस्टच्या नळीत ढकलताना जॅगचा आटा सैल होत जातो, ओढताना आवळतो. मुठीजवळ रॉडवर चिकटपट्टीचं छोटं निशाण उभं करा. निशाण वर असताना नळीच्या मागच्या कडेशी रॉडवर पेन्सिलची रेघ मारा, सावकाश ओढा, निशाण पुन्हा वर आलं की दुसरी रेघ. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे ट्विस्ट. तीनदा मोजून सरासरी घ्या. नळी आखूड असेल तर अर्धा फेरा मोजून दुप्पट करा.

शिशाचा थर साचलेल्या नळीतही पॅच घसरतो. आधी साफ करा.

मिलरवाला:
वरच्या हिशेबाला एक पुरवणी. खरा मुद्दा लांबीचा आहे, वजनाचा नाही. शिसं नसलेली गोळी हलकी असूनही लांब असते आणि १:१६ मध्ये डळमळू शकते. टोकदार, जॅकेटवाल्या (धातूचं आवरण असलेल्या) गोळ्यांना ग्रीनहिलपेक्षा मिलरचं सूत्र बरं; ते गोळी किती स्थिर उडेल याचा आकडा, स्थैर्यांक, देतं. .२२४ इंच व्यासाची ७७ ग्रेन मॅच गोळी (लांबी सुमारे २५ मिमी) घ्या: १:१२ मध्ये स्थैर्यांक ०.८ च्या आत, म्हणजे कोलमडणारच. १:९ मध्ये १.४ च्या आसपास, १:८ मध्ये पावणेदोन. १ च्या खाली गोळी उडतच नाही नीट, आणि १.५ च्या वर ठेवलेलं चांगलं. काठावरची गोळी थंडीत दगा देते, कारण थंड हवा दाट असते. एम-१६ च्या नळीचा ट्विस्ट १:१४ वरून १:१२ केला तो याच कारणाने.

रेंज५०:
मग १:९ ची नळी बसवली तर ४० ग्रेन बिघडेल?

आटेवाला:
उलथणार नाही. पण ३३० मी/से वेगाला १:१६ मध्ये मिनिटाला सुमारे ४९ हजार फेरे होतात, १:९ मध्ये ८७ हजारांच्या घरात. गोळीतला वजनाचा बारीकसा असमतोलही तेवढा जास्त बाहेर फेकला जातो आणि ग्रुप पसरतो. ५० मीटरच्या मॅचसाठी १:१६ आणि ४० ग्रेनच ठेवा. त्या ६० ग्रेनच्या पेट्या या नळीसाठी घेऊ नका.