कोटेशनमधला फरक कुठून येतो

प्लास्टिकच्या मोल्डेड पार्टच्या एकाच ड्रॉइंगवर तीन मोल्डरांची तीन कोटेशनं आणि दर जवळजवळ दुप्पट वेगळे, यात नवल नाही; ज्याने त्याने आपापल्या मनाने गोष्टी धरल्यात. नुसतं 'नायलॉन' लिहून भागत नाही. ३० टक्के ग्लास (काचेचे तंतू) भरलेल्या नायलॉनने पी-२० या तुलनेने मऊ स्टीलचा मोल्ड (साचा) लवकर झिजतो, हार्डन केलेलं एच-१३ स्टील घ्यावं लागतं आणि मोल्डचा खर्च तिथेच चढतो. वर्षाला ५,००० नग की ५ लाख, यावर मोल्डमध्ये कॅव्हिटी (पार्टच्या आकाराचे खाचे) किती ते ठरतं.

दर फोडून मागा: पार्टचं वजन, रनरचं (पार्टपर्यंत प्लास्टिक नेणाऱ्या वाटेत गोठलेल्या तुकड्याचं) वजन, प्लास्टिकच्या दाण्याचा भाव, सायकल टाइम (मोल्ड एकदा भरून पार्ट निघेपर्यंतचा वेळ), मशीनचा तासाचा दर. रनरचं सहसा विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही! (बारीक पार्टला कधी कधी रनरच जड.) आणि ड्रॉइंगवर सगळीकडे ±०.०५ मिमीचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) कशाला? फिटिंगच्या जागीच ठेवा.