मात्सुमोतोची सहल: किल्ल्यासोबत नाकागायाही घेऊया

नमस्कार मंडळी,

सहलीच्या आखणीत जपानमधल्या मात्सुमोतोचा किल्ला आणि वासाबीची (जपानी जेवणातल्या झणझणीत कंदाची) शेती आहे. माझा आग्रह आहे की जवळच्या आजुमिनोतलं जोक्यो गिमिन स्मारक संग्रहालयही घ्या. (जोक्यो हे त्या कालखंडाचं नाव, गिमिन म्हणजे लोकांसाठी प्राण देणारी माणसं.) ओइतो रेल्वेमार्गावरच्या नाकागाया स्टेशनवरून चालत जाता येतं.

१६८६ साली, पिकं बुडालेली असताना, मात्सुमोतोच्या दरबारानं शेतसाऱ्याच्या भाताचं माप पोत्यामागे ३ तोवरून जवळपास साडेतीनवर नेलं. (एक तो म्हणजे सुमारे १८ लिटर.) शेजारच्या मुलखात ते अडीचच्या आसपास होतं. नाकागायाचा माजी गावप्रमुख तादा कासुके आणि त्याचे सोबती देवळात गुपचूप जमले, पाच मागण्यांचा अर्ज लिहिला, आणि हजारो शेतकरी किल्ल्यावर चालून गेले. सरदार मिझुनो तादानाओ तेव्हा एदोत (आजच्या टोकियोत) होता. कारभाऱ्यांनी मागण्या मान्य असल्याचं लिहून दिलं, लोक घरी परतले, आणि मग धरपकड झाली. २८ जणांना मृत्युदंड! आठ वधस्तंभावर, वीस जणांचा शिरच्छेद. लेखी शब्द देऊन फिरवला, याचा मला अजून संताप येतो.

*

काका, माहिती फार मोलाची आहे. पण बरोबर लहान मुलं आहेत. त्यांच्यासमोर वधस्तंभाच्या गोष्टी कशाला? किल्ला पाहून ती खूश होतील.

*

ताई, तुमची काळजी रास्त आहे. अगदी छोट्यांना बाहेर फिरवू. पण मोठ्या मुलांना जरूर आत नेऊया. मारल्या गेलेल्यांत ओशुन नावाची सोळा वर्षांची मुलगी होती, ती निरोप पोचवायची असं सांगतात. आपल्या दहावीतल्या मुलींएवढी. इमारतीच्या दर्शनी भागात जपानच्या राज्यघटनेतली आणि मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातली कलमं लावली आहेत. गावानं या माणसांना कुठे नेऊन बसवलंय ते मुलांनी पाहावं.

किल्ल्यावर एक दंतकथा ऐकायला मिळेल: मरताना कासुकेनं रोखून पाहिलं आणि बुरूज कलला. कलला तो आतले खांब कुजल्यानं, आणि मेइजी काळात (१८६८ ते १९१२) दुरुस्त झाला. मुलांना दोन्ही सांगा. मात्र नाकागाया आधी, किल्ला नंतर. तो कोणाच्या भातावर उभा राहिला हे कळल्यावरच तो पाहावा.

*

सहल समितीकडून: ठरलं. सकाळी नाकागाया, दुपारी किल्ला, वासाबीची शेती वेळ उरला तर. छोट्यांना बाहेर सांभाळायला दोन जण हवेत, कृपया कळवा. जेवणाचे डबे घरूनच आणावेत.