गॅप इयरमध्ये कंबोडियात शिकवायला जाऊ का? एजन्सी १ लाख ४० हजार मागतेय

सुदामानगरची_पोर:
नमस्कार मंडळी, इंदूरची आहे, बीएस्सी झालं, एमएस्सीला लगेच जायचं नाहीये, डोकं पार शिणलंय. वर्षभर गॅप घेऊन बाहेरदेशी लहान मुलांना शिकवावं असं खूप दिवसांपासून मनात आहे. एका एजन्सीशी बोलणं झालं, कंबोडियात ६ आठवडे, अनाथाश्रमातल्या मुलांना इंग्रजी शिकवायचं, राहणं-जेवण त्यांच्याकडे, १ लाख ४० हजार, तिकीट वेगळं. बाबा म्हणतायत फुकट काम करायला वरून पैसे आपण का द्यायचे, आणि आई म्हणते रामबागेत आजीच्या शेजारची पोरं काय वाईट आहेत, त्यांना शिकव. अनुभव म्हणाल तर चुलत भावाला दहावीचं गणित शिकवलंय, बस. कोणी गेलंय का असं? आणि गॅप पडला तर पुढे अॅडमिशनला त्रास होतो का?

पोहे_जिरावन:
बाबांना माझा नमस्कार सांग. एवढ्या पैशात ती एजन्सी तिथल्याच एखाद्या मास्तराला किती महिने पगार देऊ शकेल, विचार त्यांना.

गोरखा_रिटर्न:
मी गेले होते, २०१८ मध्ये, नेपाळला, ४ महिने. एजन्सी वगैरे नाही, ओळखीतून ओळख काढून हेडसरांशीच फोनवर बोलले.

आधी अनाथाश्रमाचं. कंबोडिया काय नेपाळ काय, अशा आश्रमांतल्या बऱ्याच पोरांचे आई किंवा वडील जिवंत असतात गं, शहरात शाळा मिळेल सांगून गावाकडून आणलेली असतात, आणि पैसे देणारे पाहुणे येतात म्हणून हे आश्रम चालतात, म्हणूनच नेपाळमध्ये ते काठमांडू-पोखराकडेच जास्त सापडतील, जिथे टूरिस्ट तिथे आश्रम. युनिसेफवाले कधीचे ओरडून राहिलेत यावर. शिवाय दर ६ आठवड्यांनी नवी ताई येणार, लळा लावणार आणि फोटो काढून निघून जाणार. शाळा बघ, आश्रम नको.

नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र ठेव, आधारच्या भरवशावर जाऊ नको. मी लखनऊवरून गोरखपूर, तिथून बसनं सुनौली, बॉर्डर पायी ओलांडली आणि पलीकडे परत बस. आपले १०० म्हणजे त्यांचे १६०, हिशोब सोपा. थायलंडमध्ये मात्र फुकट शिकवलंस तरी ते कामच धरतात, वर्क परमिट लागतं, माझ्या मैत्रिणीला एजन्सीनं हे सांगितलंच नव्हतं.

आता शाळेचं. आमची शाळा गोरखा जिल्ह्यात, २०१५ च्या भूकंपाचं केंद्र तिथेच होतं, ३ वर्षांनी पण आमचे दोन वर्ग बांबू-पत्र्याच्या शेडमध्येच भरायचे. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की माझा आवाज पहिल्या बाकाच्या पुढे जायचा नाही, मग मी नुसतं फळ्यावर लिहायचे. पहिल्या आठवड्यात सगळ्यांची नावं लिहिली, त्यात आजीनं गिरवून घेतलेला आपला मराठी ल काढला, तर एक मुलगी उठली, माझ्या हातातून खडू घेतला, तो ल पुसला आणि त्यांचा नेपाळी ल लिहून जाग्यावर जाऊन बसली. वर्ग हसून हसून बेजार. महिनाभर मी पाठ मोठ्यानं म्हणून घ्यायचे, सगळे एका सुरात मागून म्हणायचे, मला वाटलं वा काय जमतंय, मग एकेकाला जवळ बसवून विचारलं तर बहुतेकांना पुस्तकातला शब्द ओळखता येत नव्हता, सगळं पाठ. त्यानंतर वर्ग तिथल्या मिसच घ्यायच्या आणि मी मागच्या बाकावरची ८-९ पोरं घेऊन बसायचे. एवढं कळायलाच महिना गेला, ६ आठवड्यांत तू काय करणार? आणि आम्हाला शनिवारी सुट्टी, रविवारी शाळा असायची, दसैंला, म्हणजे त्यांच्या दसऱ्याला, तर लांबच लांब सुट्टी, तेव्हा जाऊन बसू नको.

निवृत्त_मास्तर:
३४ वर्षं खडू घासलाय म्हणून बोलतो. बेटा, चुलत भाऊ म्हणजे वर्ग नव्हे. आईचं ऐक, पण अर्धं. २ महिने इथल्याच एखाद्या शाळेत ४० पोरांसमोर उभी राहा, तिसऱ्या दिवशी घसा बसेल, मग ठरव. इंग्रजी शिकवण्याचं टीईएफएल सर्टिफिकेट घरबसल्या मिळतं, त्यावर पैसे घालू नकोस. करायचंच तर सेल्टा हा इंग्रजी शिक्षकांचा कोर्स कर, महाग आहे पण त्यात ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं आणि मागे बसून कोणीतरी तुझ्या चुका टिपत असतं. मॉरिशसच्या शाळांत मराठी शिकवतात हे ऐकून इथले बरेच जण उड्या मारतात, पण तिथे त्यांचे शिक्षक आहेत, आपल्यासाठी कोणी थांबलेलं नाही.

गॅपचं फार घेऊ नकोस, नोटरीकडून शपथपत्र करून दिलं की बहुतेक ठिकाणी भागतं. सांभाळायची ती परीक्षेची तारीख. सीयूईटी पीजी, म्हणजे एमएस्सीची प्रवेश परीक्षा, साधारण मार्चमध्ये असते, तेव्हा डोंगरात असलीस तर आणखी एक वर्ष गेलं समज.

सुदामानगरची_पोर:
एजन्सीला विचारलं की मुलांना आईवडील आहेत का, तर उत्तर आलं 'आत्ता बुक केलंत तर १० टक्के सूट'. नाही करत आहे. काका, सोमवारपासून घराजवळच्या शाळेत जाऊन राहिले आहे, चौथीचा वर्ग, घसा दुसऱ्याच दिवशी बसला. ताई, तुमच्या हेडसरांना माझ्याबद्दल विचाराल का? बाबा आत्तापासूनच म्हणतायत सुनौलीपर्यंत सोडायला येतो, त्यांना कसं थांबवू?

गोरखा_रिटर्न:
विचारते. आणि बाबांना थांबवू नको गं, माझे पण आले होते. गोरखपूरच्या बसस्टँडवर बॅग उचलायला कोणीतरी लागतंच.